दोन कॅमेरे, एक मुहूर्त

गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला फोटोग्राफर मांडवात दिसला की पहिली पंगत बसायच्या आत कुणीतरी काका त्याला गाठतातच. "काय हो, दोन-दोन कशाला? एकात भागत नाही?"

भागतं. तो बंद पडेपर्यंत.

कॅमेऱ्याला बंद पडायला मुहूर्त लागत नाही. लग्नाला लागतो. एवढं ज्याला कळलं त्याला पुढचं समजावून सांगायची गरज नाही. पण न कळलेल्यांची संख्या मोठी आहे आणि त्यातले बरेच जण फोटोग्राफरला ॲडव्हान्स देणारे आहेत. हा लेख त्यांच्यासाठी.

अंतरपाट किती वेळ धरलेला असतो? मंगलाष्टकं पाच म्हणा, आठ म्हणा, त्यात आत्याबाईंनी स्वतः रचलेलं एखादं मिळवा. तो बाजूला व्हायला मात्र एकच सेकंद लागतो. त्या सेकंदात नवरी वर बघते, अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते आणि पाठीशी उभ्या मामाचे डोळे भरून येतात. नेमकं तेव्हाच कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'एरर' उमटलं तर? गुरुजींना सांगणार, पुन्हा धरा?

काही जण सांगतात. गुरुजी बिचारे धरतातही. मग अल्बमात जो फोटो येतो त्यात सगळे नीट उभे असतात आणि खरा चेहरा एकाचाही नसतो.

कॅमेरा असा बंद का पडतो? कारण त्यात झिजणारे भाग असतात. शटर हा यांत्रिक पडदा आहे. किती उघडझापेसाठी तो तपासला आहे ते कंपन्या स्वतःच सांगतात: कॅनन 5डी मार्क थ्रीसाठी दीड लाख, निकॉन डी850साठी दोन लाख. हळद, संगीत, सीमंतपूजन, लग्न, रिसेप्शन धरून एका ऑर्डरला तीन-चार हजार फ्रेम सहज पडतात. भागाकार करा. दीड लाखाचं शटर चाळीस-पन्नास लग्नांत आकड्याला टेकतं. चांगला चालणारा फोटोग्राफर एवढी लग्नं दोन सीझनमध्ये करतो.

हा आकडा हमी नव्हे, हेही लक्षात ठेवा. एखादं शटर दुप्पट टिकतं, एखादं निम्म्यात जातं. तारीख सांगून कुठलंच जात नाही.

दुकानदार म्हणतो, "मिररलेस घ्या, इलेक्ट्रॉनिक शटर लावा, झीजच नाही." खरं आहे. मात्र कार्यालयातल्या एलईडी दिव्यांखाली त्याच शटरने काढलेल्या बऱ्याच फोटोंवर आडवे पट्टे येतात. हे तो सांगत नाही. ते कळतं घरी, संगणकावर, लग्न लागून गेल्यावर.

आता बॅटरी. जुना डी850 एका चार्जवर 1840 फोटो देतो, असं त्याचं प्रमाणित मोजमाप. निकॉनच्याच पहिल्या झेड6चं मोजमाप 310. प्रत्यक्षात दोन्हींवर जास्त निघतात, पण प्रमाण ध्यानात घ्या. नवा कॅमेरा डोळ्यावरचा फोकस पकडतो, अंधारात बघतो, आवाज करत नाही, आणि दुपारच्या जेवणाआधी बॅटरी मागतो. बदलायला अर्धं मिनिट पुरतं, हे मान्य.

अर्ध्या मिनिटात सप्तपदीची दोन-तीन पावलं पडून जातात.

"आमच्याकडे दोन कार्डांचा कॅमेरा आहे, मग दुसरी बॉडी कशाला?" हा प्रश्न बरा आहे, कारण विचारणाऱ्याने निदान विचार केलेला असतो. 2018 साली निकॉनने झेड6 आणि झेड7 आणले, कॅननने ईओएस आर आणला. तिन्हींत कार्डाची खाच एकच! जगभरच्या लग्न-फोटोग्राफरांनी एवढी ओरड केली की 2020च्या झेड6 टू, आर5 आणि आर6मध्ये दोन खाचा आल्या. ओरड रास्तच होती. कार्ड खराब झालं तर काढलेले फोटो जातात, म्हणून प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरवायचा.

पण दुसरं कार्ड काढून झालेले फोटो वाचवतं. अजून काढायचे आहेत ते वाचवायला दुसरी बॉडीच लागते.

इथवरचं सगळं भीतीपोटी झालं. दुसऱ्या कॅमेऱ्याचं खरं कारण याहून मोठं आहे आणि ते बघायला जेजुरीला जावं लागतं.

सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते. गडावर भंडारा उधळला जातो. पायऱ्या पिवळ्या, माणसं पिवळी, हवासुद्धा पिवळी. हळदीची ती पूड पिठापेक्षा बारीक असते. पालखीच्या खांद्याला लागलेला चेहरा टिपायला लांबची लेन्स हवी आणि सगळा गड एका चौकटीत घ्यायला रुंद लेन्स हवी. बॉडी एकच असेल तर लेन्स तिथेच, त्या गर्दीत बदलायची. मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. लेन्स काढताना पडदा मिटून घ्यायची सोय काही मॉडेलांत आहे, सगळ्यांत नाही.

भंडारा देवाच्या कृपेचा खरा, पण सेन्सरवर बसला की दिवसभराच्या प्रत्येक फोटोत, त्याच जागी, तोच डाग.

म्हणून जाणकार दोन बॉड्यांना दोन लेन्स लावून खालूनच निघतात. दिवसभर लेन्स काढत नाहीत. रात्री खोलीवर येऊन आधी कॅमेरे पुसतात, मग स्वतः तोंड धुतात. पट्टणकोडोलीच्या यात्रेत हेच, जोतिबाच्या गुलालात हेच, पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत हेच. महाराष्ट्राचे सगळे देव रंग उधळून घेतात. बाहेरच्या देशांत लिहिलेल्या कॅमेऱ्याच्या पुस्तकांत हे प्रकरण नसतं, म्हणून आपल्याकडच्या पोरांना ते सेन्सर साफ करायचं बिल भरून शिकावं लागतं.

वारीतलं गोल रिंगण बघा. माऊलींचा अश्व लांबून दौडत येतो तेव्हा टेली हवी. तो समोरून सुसाटत जातो तेव्हा टेलीत नुसती आयाळ मावते. आणि तो पुढे गेला की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात. तो फोटो वाइडचा, जवळून, जमिनीशी वाकून काढायचा. येणं, जाणं आणि झेप यांत मोजून काही सेकंदांचं अंतर. लेन्स बदलणार कधी?

लेन्स बदलणाऱ्याच्या वाट्याला घोड्याची पाठ येते.

"मग एकच मोठी झूम लावा की! 24 ते 200, सगळं एकात." लावा. उघड्या माळावर, भर उन्हात ती उत्तम चालते. अंधाऱ्या गाभाऱ्यात किंवा मिणमिणत्या सभागृहात तिला उजेड पुरत नाही. निकॉनची 24-200 लेन्स लांबच्या टोकाला एफ 6.3 वर अडते. एफ 2.8च्या तुलनेत हा उजेड पाचवा हिस्सासुद्धा नाही. बाकीचा उजेड आणणार कुठून? आयएसओ वाढवून फोटोत रवा आणायचा, की समईच्या उजेडातल्या आजीच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा?

ताडोबात वेगळीच तऱ्हा. 500 मिमीची लेन्स घेऊन जिप्सीत बसायचं. क्रॉप सेन्सरच्या बॉडीवर तीच लेन्स 750 मिमीसारखी लांब बघते, म्हणून वन्यजीववाले फुल फ्रेमच्या जोडीला मुद्दाम क्रॉप बॉडी बाळगतात. पाणवठ्यापलीकडची वाघीण त्यात छान भरते. मग ती उठते, रस्ता ओलांडते आणि थेट जिप्सीच्या बॉनेटपुढे येते.

750मध्ये तिच्या नाकपुड्या येतात.

अशा वेळी लोक खिसा चाचपतात. पण सफारीत मोबाईल न्यायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. शेजारी 70-200 लावलेली दुसरी बॉडी असेल तरच वाघीण तिच्या जंगलासकट मिळेल. उन्हाचंही बघा. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा 45च्या पुढे. 2020मध्ये आलेला कॅनन आर5 8के व्हिडिओ काढताना तापून थांबायचा, तेही थंड हवेच्या देशांत. व्हिडिओ एकावर आणि फोटो दुसऱ्यावर, ही वाटणी इथे गरजेची आहे.

लग्नातही आता तीच वाटणी आली. पार्टीला अल्बम हवा, त्याच संध्याकाळी रील हवी. व्हिडिओला शटर पन्नासाव्या हिश्श्यावर ठेवायचं, फोटोला पाचशेव्या. एकाच बॉडीवर इकडून तिकडे उड्या मारणारा एकदा तरी चुकतोच. पाठवणीचे सगळे फोटो हललेले निघतात आणि दोष मुलीच्या रडण्यावर जातो.

ही गरज नवी आहे, असं समजू नका. एडवर्ड मायब्रिजने 1878 साली कॅलिफोर्नियात घोड्याची दौड टिपायला धावपट्टीच्या कडेला 12 कॅमेरे ओळीने मांडले. प्रत्येकाच्या शटरला दोरा. घोडा दोरा तोडत जाणार आणि कॅमेरे एकामागून एक उघडणार. दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, या जुन्या वादाचा निकाल त्याने लावला. सुटतात.

एका कॅमेऱ्याने तो वाद अजून चालू राहिला असता.

रोलच्या काळात तर दुसऱ्या बॉडीवाचून गत्यंतरच नव्हतं. 35 मिमीचा रोल कॅमेऱ्यात भरला की 36 फोटो संपेपर्यंत तोच. कृष्णधवल भरला असेल तर समोर इंद्रधनुष्य उगवलं तरी कृष्णधवल. 100चा भरला असेल तर संध्याकाळ झाली तरी 100च. वर्तमानपत्राला कृष्णधवल द्यायचा आणि मासिकाच्या मुखपृष्ठाला रंगीत पारदर्शिका, म्हणजे दोन कॅमेरे आलेच. फोटोग्राफर रॉबर्ट कापा 25 मे 1954 रोजी व्हिएतनाममध्ये सुरुंगावर पाय पडून गेला, तेव्हा त्याच्याजवळ दोन कॅमेरे होते. कॉन्टॅक्समध्ये कृष्णधवल रोल, निकॉनमध्ये रंगीत.

हॅसलब्लाडवाल्यांची यातून सुटका होती. त्यांच्या कॅमेऱ्याची फिल्मची पेटी अर्ध्या रोलवरही काढून दुसरी लावता यायची. पण तो कॅमेरा परवडणार किती जणांना? तो परवडला अमेरिकेच्या सरकारला.

आणि तरीही चूक झालीच. चंद्रावर पहिलं पाऊल नील आर्मस्ट्राँगचं, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. चंद्रावर उभ्या आर्मस्ट्राँगचा समोरून काढलेला एक नीट फोटो दाखवा. जो जगभर छापला जातो तो बझ ऑल्ड्रिनचा आहे. जुलै 1969मध्ये चंद्रावर उतरलेल्या त्या दोघांत बाहेर वापरायला हॅसलब्लाड एकच होता आणि तो बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगच्या हाती होता. त्यामुळे तो स्वतः सापडतो ऑल्ड्रिनच्या हेल्मेटच्या काचेत, प्रतिबिंब म्हणून. दुसऱ्या एका फ्रेममध्ये यानाच्या सावलीत पाठमोरा. जमेस धरावं असं एवढंच.

सहलीच्या अल्बममधले बाबा आठवा. तीच गत, फक्त पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरहून लांब.

नासाने दुसरी एक गोष्ट मात्र अचूक केली. परतीचं वजन वाचवायला अपोलोच्या मोहिमांनी हॅसलब्लाडच्या 12 बॉड्या चंद्रावरच सोडल्या आणि फिल्मच्या पेट्या तेवढ्या आणल्या. बॉडी जाऊ द्यावी, फोटो जाऊ देऊ नये. आपल्याकडे बॉडीचा विमा उतरवणारे भेटतात, कार्ड कुठे ठेवलं हे न आठवणारेही तेच असतात.

"पण कार्तिए-ब्रेसाँ?" हे नाव येणार हे ठाऊकच होतं. एक लाइका, एक 50 मिमीची लेन्स आणि शतकातले सर्वोत्तम फोटो. 30 जानेवारी 1948 रोजी तो गांधीजींना भेटून बाहेर पडला आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. अंत्ययात्रेचे त्याचे फोटो जगाने पाहिले. त्याच्या साधेपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरुणांनी एक वर्ष एकच बॉडी, एकच लेन्स घेऊन काम करावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. त्याने नजर तयार होते.

पण रस्त्यावरच्या क्षणाची वाट ब्रेसाँ स्वतःच्या हिशेबाने बघायचा. सायकलवाला हुकला तर दुसरा कोपरा, दुसरा सायकलवाला. सायकलवाल्याने त्याला ॲडव्हान्स दिलेला नव्हता.

तसंच दादासाहेब फाळक्यांचं. "फाळक्यांनी लंडनहून आणलेल्या एका विल्यमसन कॅमेऱ्यावर अख्खा 'राजा हरिश्चंद्र' काढला," असं ऐकवतात. काढला, आणि 1913 साली काढला, त्याबद्दल त्यांना दंडवत. पण एखादं दृश्य बिघडलं तर ते पुन्हा घेता येत होतं. तारामतीचं काम करणारे अण्णा साळुंके दुसऱ्या दिवशीही कामावर येणार होते.

खरी नवरी दुसऱ्या दिवशी सासरी गेलेली असते.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो. दोन बॉड्या असणं वेगळं आणि दोन वापरणं वेगळं. कपाटात तीन कॅमेरे आहेत, तिन्हींचे गुण तोंडपाठ आहेत, एकाचंही शटर महिनोन् महिने वाजलेलं नाही, अशी घरं गावोगाव आहेत. पावसाळ्यात त्या कपाटात बुरशी धरते. लेन्सच्या काचेवर जाळं पसरतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांना हे सांगायला नको. सिलिका जेलच्या पुड्या बदलायला ज्याला वेळ नाही त्याने दुसरी बॉडी घेऊ नये. पहिली विकावी, एखाद्या होतकरूच्या कामी येईल.

हौसेला एक बॉडी भरपूर आहे, हे मी ठामपणे म्हणतो. दुसरी घ्यायचीच असेल तर ती पहिलीपेक्षा लहान घ्या. खिशात मावणारी. जड कॅमेरा कपाटात राहतो आणि लहान सोबत येतो. एकसारख्या दोन मोठ्या बॉड्या हौशी माणसाच्या खांद्याला दुखणं देतात, फोटो देत नाहीत.

धंदेवाल्याने मात्र उलट करावं. दोन्ही एकाच कंपनीच्या, जमल्यास एकाच मॉडेलच्या. निकॉनची लेन्स जिकडे फिरवून बसते, त्याच्या उलट कॅननची. अंधारात, घाईत हात चुकतो. बॅटऱ्या वेगळ्या, चार्जर वेगळे, बटणं वेगळ्या जागी. आणि रंग? एकीत शालू लालभडक, दुसरीत तोच शालू किरमिजी. अल्बम करणारा बसतो रात्र-रात्र रंग जुळवत.

त्याहून हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे घड्याळ. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत चार मिनिटांचा फरक असला आणि फोटो वेळेप्रमाणे लावले की हार आधी पडतो आणि अंतरपाट नंतर दूर होतो. सकाळी निघताना दोन्ही घड्याळं सेकंदापर्यंत जुळवायला लागतं एक मिनिट. किती जण जुळवतात?

कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्यातून निघाला, ही बाब किरकोळ वाटते ना? 8 जून 1972चा व्हिएतनाममधला फोटो आठवा. नापामने भाजलेली, रस्त्यावरून धावत येणारी लहान मुलगी. पन्नासहून अधिक वर्षं तो फोटोग्राफर निक उट यांच्या नावावर होता. 2025मध्ये एका माहितीपटाने त्यावर शंका घेतली. असोसिएटेड प्रेसने चौकशी केली. फिल्मच्या खिडकीची कड निगेटिव्हवर आपली खूण सोडते आणि ती प्रत्येक बॉडीची निराळी असते. त्या खुणांवरून चौकशीत निघालं की फोटो इतकी वर्षं मानला गेला तसा लाइकातून निघालेला नसावा, बहुधा पेंटॅक्समधून निघाला असावा. संस्थेने श्रेय उट यांच्याकडेच ठेवलं, वर्ल्ड प्रेस फोटोने ते स्थगित केलं आणि उट आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत.

त्या दिवशी कुणाच्या गळ्यात कोणते कॅमेरे होते, यावर अर्ध्या शतकानंतर वाद चालू आहे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक फोटोबरोबर बॉडीचा क्रमांक आणि वेळ आपोआप नोंदली जाते. एवढी सोय असताना घड्याळ चुकीचं ठेवायचं म्हणजे हातातला पुरावा आपणच पुसायचा.

आणखी एक. दुसरी बॉडी असते, पण असते कुठे? पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीत, बॅगेत, बॅगेच्या तळाशी. लेन्स लावलेली नाही, बॅटरी अर्धी, कार्डात मागच्या लग्नाचे फोटो. याला मी बॅकअप म्हणत नाही. बॅकअप खांद्यावर असतो, लेन्स लावलेला, चालू करताच फोटो काढणारा. गळ्यातल्या दोन पट्ट्यांनी मान मोडते, मान्य. लेन्ससकट एकेक कॅमेरा दीड-दोन किलोचा. दोन्ही खांद्यांवर वजन वाटून घेणारा हार्नेस मिळतो. लाखाचा कॅमेरा घेणारा काही हजारांचा हार्नेस घेताना का कचरतो, हे मला कधी कळलेलं नाही.

आणि फ्लॅश? दुसऱ्या बॉडीवर बसवायला दुसरा फ्लॅश नसेल तर रात्रीच्या वरातीत ती बॉडी आंधळी. दुसरी बॉडी घेताना दुसरी लेन्स, दुसरा फ्लॅश, जास्तीची बॅटरी, हे सगळं त्याच हिशेबात धरा. निम्म्या पैशात पूर्ण सुरक्षितता मिळत नाही.

पैशाचाच विषय निघालाय तर तेही बोलू. "परवडत नाही" ही तक्रार खोटी नाही. तालुक्याच्या गावातला पोरगा कर्ज काढून पहिली बॉडी घेतो, हप्ते फिटायच्या आत बाजारात नवं मॉडेल येतं आणि पार्टी विचारते, "तुमच्याकडे ते नवं आहे का?" त्या दडपणाखाली तो जुनी बॉडी पडेल भावात विकतो आणि नवी घेतो. पुन्हा त्याच्या हातात एकच.

जुनी विकू नका. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन एकदा भाव विचारून या. दहा वर्षं वापरलेल्या डीएसएलआरचे जे पैसे मिळतात, त्यात एक धड लेन्ससुद्धा येत नाही. पण तीच जुनी बॉडी अंतरपाटाच्या क्षणी खांद्यावर असली तर नाव वाचवते. तिला रुपयाचाही हप्ता नाही. फोटो किंचित जुन्या वळणाचा येईल.

येईल तर खरा!

तेही नसेल तर भाड्याने घ्या. मोठ्या शहरांत दिवसाच्या भाड्याने बॉडी मिळते, ऐन सीझनला आधी सांगून ठेवावी लागते. लहान गावात दोन फोटोग्राफरांनी एकमेकांशी ठरवून घ्यावं: तुझी ऑर्डर नसेल त्या दिवशी तुझी बॉडी माझ्याकडे, माझी नसेल त्या दिवशी माझी तुझ्याकडे. स्पर्धा भावावर करा. यंत्रं एकमेकांना द्यायला काय हरकत आहे? बँड पथकं एकमेकांचे ढोल नेतात, केटरर एकमेकांची पातेली नेतात. फोटोग्राफरच तेवढे एकमेकांपासून चार्जरसुद्धा लपवतात.

आता मुलीच्या बापाला, मुलाच्या आईला, म्हणजे पैसे मोजणाऱ्यांना. तुम्ही फोटोग्राफर ठरवताना काय विचारता? ड्रोन आहे का. अल्बम किती पानांचा. प्री-वेडिंग पॅकेजमध्ये धरलंय का. एलईडी वॉल किती फुटांची. एवढं सगळं विचारून झाल्यावर हजार-दोन हजारांसाठी घासाघीस करता आणि मांडवात त्याच्या गळ्यातले दोन कॅमेरे बघून हसता.

ड्रोनने अंतरपाटामागचा चेहरा दिसत नाही. एलईडी वॉलवर जे दाखवायचं ते आधी कुणीतरी टिपावं लागतं.

पुढचा सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होईल. घरात कार्य असेल तर ॲडव्हान्स देण्याआधी फोटोग्राफरला चारच गोष्टी विचारा. दुसरी बॉडी आहे का? ती मांडवात खांद्यावर असेल की डिकीत? कॅमेऱ्यात कार्डं दोन आहेत का? आणि लग्न झाल्यावर दोन कार्डं दोन वेगळ्या माणसांच्या खिशातून घरी जाणार का? चारही उत्तरं नीट मिळाली तर त्याने सांगितलेला भाव द्या आणि घासाघीस करू नका.